हातांची भाषा आणि चित्रांची साक्ष

भाषा म्हणजे तोंडाने बोलावयाची आणि कानाने ऐकावयाची गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत इतकी दृढ आहे की, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषाच नाही, असे समाज पिढ्यान् पिढ्या मानीत आला. ‘मुका-बहिरा’ हा जोडशब्द याच समजुतीतून रूढ झाला. वस्तुतः बहुतेक कर्णबधिर व्यक्तींचा कंठ, जीभ आणि ओठ निर्दोष असतात. इतरांचे बोलणे कानी न पडल्यामुळे ते आपोआप उचलता येत नाही, एवढेच. आणि जेथे कर्णबधिर माणसे एकत्र येतात, शिकतात, संसार करतात, तेथे हातांच्या, चेहऱ्याच्या आणि देहाच्या हालचालींतून त्यांची स्वतःची भाषा घडत जाते.

या भाषेची लय रेषेत पकडून ती कागदावर मांडण्याचे कार्य क्रिस्टीन सन किम या कर्णबधिर चित्रकर्त्री गेली अनेक वर्षे करीत आहेत. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासारख्या नामांकित संस्थेने २०२५ मध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. दूरदेशीच्या एका कलावतीची ही हकीकत आपल्याकडील शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व पालकांनी समजून घेण्याजोगी आहे. कारण त्यांची चित्रे पाहताना एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो: आपल्या गावातील, आपल्या शाळेतील ऐकू न येणाऱ्या मुलाला आपण कोणती भाषा दिली आहे?

इशारा वेगळा, भाषा वेगळी

बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत अनेकांना ठाऊक आहे. वाहतूक पोलिसाचा हात, आगगाडीच्या गार्डाची हिरवी-तांबडी निशाणे हेही इशारेच. नृत्यातील हस्तमुद्रांची परंपरा तर फार प्राचीन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा वर्णिलेल्या आहेत. यामुळे कर्णबधिरांच्या खुणाही याच जातीच्या असाव्यात, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. रुमालाखालच्या बोटांनी बैलाची किंमत सांगता येते. मात्र ‘गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला असता, तर हा बैल मी विकायला काढलाच नसता’ हे सांगता येत नाही. खुणांच्या भाषेत हे वाक्य सहज सांगता येते. तीत भूतकाळ आहे, अट आहे, नकार आहे, प्रश्न आहे, थट्टा आहे आणि कविताही आहे. तिला व्याकरण आहे, आणि ते आसपासच्या बोलीभाषेच्या व्याकरणाहून निराळे आहे.

ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचा मान अमेरिकेतील प्राध्यापक विल्यम स्टोकी यांच्याकडे जातो. वॉशिंग्टन शहरात कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी १८६४ मध्ये स्थापन झालेली गॅलाडेट ही संस्था आहे. तेथे इंग्रजी शिकविणाऱ्या स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन खुणांच्या भाषेची रचना दाखवून देणारा प्रबंध प्रसिद्ध केला. ज्याप्रमाणे शब्दाचे ध्वनी सुटे करता येतात, त्याप्रमाणे प्रत्येक खुणेचेही घटक सुटे करता येतात, असे त्यांनी सिद्ध केले. हाताचा आकार, देहाजवळील त्याचे स्थान आणि त्याची हालचाल हे ते घटक होत. तळहाताची दिशा आणि चेहऱ्यावरील भाव यांची भर पुढील अभ्यासकांनी घातली. यांपैकी एक घटक बदलला, तर अर्थ बदलतो. जसे ‘काल’ आणि ‘गाल’ या शब्दांत एका ध्वनीने अर्थ बदलतो.

एक उदाहरण पाहू. अमेरिकन खुणांच्या भाषेत ‘दिवसभर’ असे म्हणताना एक हात छातीसमोर आडवा धरतात. तो हात म्हणजे क्षितिज. दुसऱ्या हाताचे कोपर त्यावर टेकवून तो हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कमानीसारखा नेतात. तो हात म्हणजे सूर्य. ‘रात्रभर’ म्हणताना हीच कमान क्षितिजाच्या खालून काढली जाते. शेतावर उभे राहून सूर्याचा प्रवास पाहणाऱ्या कोणत्याही माणसाला ही खूण एकदा समजली की विसरता येणार नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खुणांची भाषा जगभर एकच नाही. इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी चालत असली, तरी तेथील कर्णबधिरांच्या भाषा परस्परांहून भिन्न आहेत. भारताची भाषा आणखी वेगळी. अमेरिकेत इंग्रजी मुळाक्षरे एका हाताच्या बोटांनी दाखवितात. भारतात ती दोन्ही हातांनी दाखविण्याची पद्धत आहे.

मनाईचा काळ आणि त्यातून उगवलेली कला

खुणांच्या भाषेला तिचा हक्काचा मान सहजासहजी मिळाला नाही. १८८० मध्ये इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुलांना खुणांऐवजी बोलण्याचेच शिक्षण द्यावे, असा ठराव तेथे संमत झाला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली. वर्गात हात हलविणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. ओठांच्या हालचाली पाहून बोलणे ओळखणे आणि कष्टाने उच्चार करणे, यांतच शाळेची वर्षे खर्ची पडू लागली. काही मुलांना हे साधले. पुष्कळांना साधले नाही, आणि त्यांच्या पदरी ना बोली आली ना खुणांची भाषा. कॅनडातील व्हँकुव्हर येथे २०१० मध्ये भरलेल्या याच परंपरेतील परिषदेने मिलानचे ते ठराव अमान्य करून झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. तोवर १३० वर्षे लोटली होती.

हा अन्याय चित्रकलेत प्रथम ठसठशीतपणे मांडणाऱ्यांत बेटी मिलर यांचे नाव घ्यावे लागते. १९३४ मध्ये कर्णबधिर आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मिलर स्वतःही कर्णबधिर होत्या. १९७२ मधील त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात बेड्या घातलेले दोन हात दिसतात. त्या हातांची बोटे छाटलेली आहेत. ‘अमेरिकन खुणांच्या भाषेस मनाई’ अशा अर्थाचे त्या चित्राचे शीर्षक आहे. ज्याची जीभ तोडली, तो माणूस ऐकणाऱ्यांच्या जगात जसा दिसेल, तसे हे हात कर्णबधिरांच्या जगात दिसतात.

पुढे मे १९८९ मध्ये मिलर आणि त्यांचे सहकारी कलावंत गॅलाडेट येथे एकत्र आले. कर्णबधिर माणसाच्या अनुभवातून निघालेली कला ही स्वतंत्र धारा आहे, असा जाहीरनामा त्यांनी तयार केला. याच धारेतील चक बेअर्ड (१९४७–२०१२) या चित्रकाराने हात आणि वस्तू यांचा सुरेख मेळ घातला. ज्या वस्तूची खूण करावयाची, तिच्या रूपात तो हात मिसळून जावा, अशी चित्रे त्यांनी रंगविली. मिलर यांच्या चित्रातील हात दुखावलेला होता. बेअर्ड यांच्या चित्रातील हात आनंदाने बोलू लागला.

किम यांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या कागदावर अनेकदा हात दिसतच नाही. दिसतो तो हाताने हवेत केलेला प्रवास.

घडण

क्रिस्टीन सन किम यांचा जन्म १९८० मध्ये कॅलिफोर्नियात झाला. आईवडील कोरियातून अमेरिकेत स्थायिक झालेले व ऐकू येणारे. किम आणि त्यांची बहीण मात्र कर्णबधिर. म्हणजे घराभोवती कोरियन, रस्त्यावर इंग्रजी आणि हातांत अमेरिकन खुणांची भाषा, अशा तीन भाषांच्या संगमावर हे बालपण गेले. रॉचेस्टर येथील तंत्रज्ञान संस्थेतून २००२ मध्ये पदवी आणि न्यूयॉर्कच्या दृश्यकला विद्यालयातून २००६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. त्यानंतर काही वर्षे व्हिटनी संग्रहालयाच्या शिक्षण विभागात राहून त्या कर्णबधिर प्रेक्षकांसाठी कार्यक्रम चालवीत. ज्या इमारतीत त्या इतरांची चित्रे समजावून सांगत, त्याच संस्थेने पुढे त्यांची चित्रे मांडली.

२००८ मध्ये जर्मनीतील बर्लिन येथे काही काळ राहण्याचा योग आला. त्या वेळेपर्यंत किम रंगचित्रे काढीत असत. तेथील कलादालनांत हिंडताना त्यांना आढळले की, पाहण्याजोगे फारसे काही नाहीच. जिकडे तिकडे ध्वनीवर आधारलेल्या कलाकृती मांडलेल्या आहेत. ध्वनी आता चित्रांच्या प्रांतातही येऊन पोहोचला, मग कर्णबधिर कलावंताने जावे कोठे, हा प्रश्न त्यांना पडला.

तथापि याच प्रश्नातून त्यांना वाट सापडली. ऐकू येत नसले तरी ध्वनीचे नियम आपल्याला लहानपणापासून पाळावे लागले आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले. पाय घासत चालू नको, ढेकर देऊ नको, भांडी आपटू नको, अशा सूचना त्यांना सदैव मिळत. आपल्या हातून किती आवाज झाला, हे त्यांना इतरांच्या चेहऱ्यांवरून वाचावे लागे. म्हणजे ध्वनी हा केवळ कानाचा विषय नाही. तो वागणुकीचा, मानपानाचा आणि अधिकाराचाही विषय आहे. ज्याचा आवाज ऐकला जातो, त्याचे समाजात वजन असते. हा विचार घेऊन त्यांनी बार्ड महाविद्यालयात संगीत व ध्वनी या विषयात २०१३ मध्ये दुसरी पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ध्वनिकलेच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा समावेश झाला.

चित्रांतील रेषा कशा वाचाव्यात

किम यांची साधने साधी आहेत. पांढरा कागद, काळ्या कोळशाची कांडी, थोडे शब्द आणि पुष्कळ मोकळी जागा. मात्र त्यामागील विचार समजला, तर रेषांचा अर्थ उलगडतो.

पाश्चात्त्य संगीत लिहिताना पाच आडव्या रेषा आखून त्यांवर स्वरांची चिन्हे मांडतात. अमेरिकन खुणांच्या भाषेत या रेषांची खूण हाताची बोटे आडवी पसरून करतात. ती करताना अंगठा ताणून धरणे किम यांना स्वाभाविक वाटत नाही. म्हणून त्यांच्या चित्रांत पाचऐवजी चारच रेषा आढळतात. पुस्तकातील नियम पाच रेषांचा, हाताचा नियम चार बोटांचा. आणि त्यांनी हाताचा नियम प्रमाण मानला. अशा बारीक निवडीतूनच एखाद्या भाषेचा स्वाभिमान प्रकट होतो.

दुसरे उदाहरण ‘पी’ या अक्षराचे. संगीतात ‘हळू वाजवा’ असे सुचविण्यासाठी हे अक्षर लिहितात. दोनदा लिहिले तर अधिक हळू. किम यांनी एका चित्रात हे अक्षर पुन्हा पुन्हा लिहीत त्याचा झाडासारखा विस्तार केला. आवाज कितीही लहान केला, तरी त्याहून लहान करता येतोच. संपूर्ण शांतता कधी हाती लागत नाही, असा त्याचा भावार्थ. कर्णबधिराचे जग म्हणजे निव्वळ शांतता, असे मानणाऱ्यांना हे चित्र मुकाट्याने उत्तर देते.

वर सांगितलेल्या ‘दिवसभर’ आणि ‘रात्रभर’ या खुणांच्या कमानीही त्यांच्या चित्रांत आल्या आहेत. २०२५ च्या प्रदर्शनाचे नावही याच दोन शब्दांवरून ठेवले होते. ‘भविष्य’ या शब्दासाठी अमेरिकन खुणांच्या भाषेत हात चेहऱ्याजवळून पुढे वळणाने नेतात. २०१८ मध्ये व्हिटनी संग्रहालयासमोरील इमारतीच्या भिंतीवर किम यांचे एक भव्य चित्र लावण्यात आले. ‘फार जास्त भविष्य’ असा त्याच्या नावाचा अर्थ. हाताचे ते वळण त्यात जाड काळ्या रेषेने एवढे मोठे झाले होते की, येणाऱ्या काळाचे ओझेच जणू रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या डोक्यावर यावे.

खुणांच्या भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो. भुवया वर गेल्या की विधानाचा प्रश्न होतो. गाल, ओठ व मान यांच्या हालचालींनी क्रियेची तीव्रता कळते. ही गोष्ट दाखविण्यासाठी किम यांनी काही कर्णबधिर व्यक्तींचा एक वृंद उभा केला. त्यातील ‘गायक’ हातांचा वापर न करता केवळ चेहऱ्याने ‘गातात’. २०१५ मध्ये दिलेल्या एका गाजलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या भाषेची तुलना पियानोशी केली. बोलीत शब्दामागून शब्द येतात, जशी एकेक पट्टी दाबावी. खुणांच्या भाषेत हात, चेहरा, गती व दिशा एकाच वेळी अर्थ सांगतात, जसे दहाही बोटांनी अनेक स्वर एकदम छेडावेत.

कोनमापकावरचा राग

किम यांची चित्रे केवळ सौंदर्याची नाहीत. २०१८ मधील त्यांची एक चित्रमालिका शिक्षकांना विशेष ओळखीची वाटेल, कारण ती भूमितीच्या वहीसारखी आहे. लघुकोन, काटकोन, विशालकोन, सरळकोन असे करीत पूर्ण वर्तुळापर्यंत कोन आखले आहेत. आणि प्रत्येक कोन म्हणजे कर्णबधिर व्यक्तीला येणाऱ्या रागाचे एकेक माप आहे. कोनाशेजारी रागाचे कारण लिहिले आहे. विमानतळावर उतरताच, ऐकू येत नाही एवढ्यावरून कर्मचारी चाकांची खुर्ची पुढे करतात, हे एक कारण. दुभाष्याचे मानधन कलावंताच्याच मानधनातून कापून घेणे आयोजकांना रास्त वाटते, हे दुसरे. ही मालिका २०१९ मध्ये व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. पाहणारा आधी हसतो, मग कारण वाचतो आणि अंतर्मुख होतो.

या रागाचे कारण २ फेब्रुवारी २०२० रोजी अवघ्या देशासमोर घडले. अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना त्या दिवशी मायामी येथे होता. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत खुणांच्या भाषेत सादर करण्याचा मान राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेच्या वतीने किम यांना देण्यात आला होता. मैदानात त्यांनी गीत आरंभापासून अखेरपर्यंत सादर केले. परंतु दूरचित्रवाणीवर त्या काही क्षणच दिसल्या. नंतर कॅमेरा खेळाडूंकडे वळला आणि घरी बसलेले कर्णबधिर प्रेक्षक आपल्या भाषेतील राष्ट्रगीताला मुकले. किम यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपली निराशा स्पष्ट शब्दांत मांडली. व्यासपीठावर दुभाषा उभा केला म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही; तो लोकांना दिसला पाहिजे. सरकारी समारंभ भरविणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्या देशातील स्थिती

२०११ च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख ७० हजार नोंदली गेली. देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८० च्या दशकात निघाली. मुंबईतीलच अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात प्रशिक्षण व संशोधन करीत आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्ली येथे २०१५ मध्ये स्थापन झाले. या केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश सिद्ध केला. २०१९ मध्ये तो ६,००० आणि २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत वाढविला. शालेय पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्याचा करार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेशी २०२० मध्ये झाला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत माध्यमिक स्तरावर ही भाषा विषय म्हणून घेता येते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या कायद्याने अंध व कर्णबधिर मुलांचे शिक्षण त्यांना सर्वांत अनुकूल अशा भाषेत व माध्यमात झाले पाहिजे, असे बंधन घातले आहे. सांकेतिक भाषेत पात्र असलेले शिक्षक नेमण्याची तरतूदही त्यात आहे. दरवर्षी २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून २०१८ पासून पाळला जातो. कोश, कायदा आणि दिन ही सर्व सामग्री उपलब्ध आहे. ती गावातील त्या एका मुलापर्यंत पोहोचणे, हे काम मात्र माणसांनीच करावयाचे आहे.

आधी भाषा, मग कला

ऐकू न येणारे मूल चित्र बरे काढते, असे दिसले की त्याला कागद-रंग देऊन कोपऱ्यात बसविण्याची प्रथा अनेक शाळांत आढळते. ‘बोलता येत नाही, निदान हात तरी चालतो’ असा त्यामागील दयाळू विचार. किम यांचे उदाहरण या विचारातील उणीव दाखविते. त्यांच्या प्रत्येक रेषेमागे एक समृद्ध भाषा उभी आहे. लहानपणापासून हातात आलेल्या भाषेमुळेच त्यांना ध्वनीविषयी विचार करता आला, विनोद करता आला, राग मोजता आला.

आपल्या देशातील थोर चित्रकार सतीश गुजराल (१९२५–२०२०) यांचे जीवनही, निराळ्या मार्गाने, हेच सांगते. वयाच्या आठव्या वर्षी अपघातानंतर त्यांचे ऐकणे गेले. पुढे लाहोर येथे व नंतर मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, आणि चित्र, शिल्प व वास्तुकला या तिन्ही क्षेत्रांत कीर्ती मिळविली. ऐकणे जाण्यापूर्वीची आठ वर्षे त्यांच्या कानी भाषा पडली होती. एकाला भाषा कानातून आली, दुसरीला हातांतून. पण दोघांच्याही बाबतीत भाषा आधी आली आणि कला मागाहून. कोणतीच भाषा न मिळालेल्या मुलाच्या हाती केवळ रंगपेटी देणे, हे बियाणे न देता नांगर देण्यासारखे आहे.

कर्णबधिर मुलांपैकी फार मोठ्या संख्येच्या मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. अमेरिकेतील पाहणीत हे प्रमाण दहांत नऊहून अधिक आढळले. म्हणजे घरातच मुलाची भाषा कोणाला येत नाही. भाषा शिकण्याची शक्ती आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. ती वर्षे वाया गेली, तर पुढे शाळा, पुस्तक आणि व्यवसाय यांचा पायाच कच्चा राहतो. श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रिया यांचा लाभ ज्याला होत असेल, त्याला तो अवश्य द्यावा. पण त्याची वाट पाहताना मुलाला भाषेवाचून ठेवू नये.

यास्तव काही गोष्टी प्रत्येक गावात करण्याजोग्या आहेत. मोठ्या आवाजाला तान्हे मूल दचकत नसेल, हाकेला मान वळवीत नसेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून श्रवणतपासणी करून घ्यावी. आईवडिलांनी, भावंडांनी आणि शक्य तर शेजाऱ्यांनीही रोजच्या वापरातील खुणा शिकाव्यात. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मुलाला पुढे, उजेडात बसवावे आणि बोलताना त्याच्याकडे पाहावे. केंद्राचा कोश भ्रमणध्वनीवरही पाहता येतो. त्यातील दहा खुणा दर आठवड्याला सर्व वर्गाने मिळून शिकल्या, तर त्या मुलाला वर्षाअखेरीस बोलायला तीस-चाळीस सोबती मिळतील. कार्यालयातील अधिकाऱ्यांनी अर्जदाराऐवजी त्याच्याबरोबर आलेल्या नातेवाइकाशीच बोलण्याची सवय सोडावी. ग्रामसभेत वा समारंभात दुभाषा असेल, तर त्याला सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, प्रकाशात उभे करावे.

गोव्यातील, बेळगावच्या सीमाभागातील, इंदूर-ग्वाल्हेरमधील, बडोद्यातील व हैदराबादमधील मराठी कुटुंबांना भाषेचे मोल वेगळे सांगावयास नको. घरात मराठी, बाजारात कोकणी, कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू, कचेरीत आणखी तिसरी, असे त्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे जीवन आहे. आपली भाषा बोलणारे माणूस भेटले की होणारा आनंद त्यांनी अनुभवला आहे, आणि आपल्या भाषेतील शाळेसाठी, ग्रंथालयासाठी त्यांनी खस्ताही खाल्ल्या आहेत. कर्णबधिर मुलाची मागणी याहून वेगळी नाही. त्याला दया नको आहे. त्याची भाषा जाणणारी माणसे हवी आहेत. जेथे अनेक भाषा शेजारी-शेजारी सुखाने नांदतात, तेथे हातांच्या भाषेला एक ओसरी मोकळी करून देणे कठीण पडू नये.